मुलांना घेऊन जंगलातल्या ट्रेलवर पहिल्यांदा माउंटन बायकिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बागेत किंवा गल्लीत सायकल चालवणाऱ्या मुलांना पहिल्यांदाच झाडीतल्या मातीच्या ट्रेलवर न्यायचं ठरलं की आईबाबांच्या डोक्यात एकदम ढीगभर प्रश्न येतात, त्यातले जे परत परत येतात ते इथे एकत्र केलेत. खालची जवळजवळ सगळी उत्तरं मी एकाच हिशोबाने दिलीयेत, की घरी आल्यावर मुलाने स्वतःहून "परत कधी जायचं?" असं विचारलं पाहिजे. किती किलोमीटर झाले, किती चढ मारला, याला सुरुवातीच्या काळात काही अर्थ नाही.

कितव्या वर्षापासून नेता येतं?

वयापेक्षा काय काय जमतं ते बघा. आधाराशिवाय स्वतः सुरू करता येतं का, सांगितलेल्या जागी हाताच्या ब्रेकने थांबता येतं का, पॅडलवर उभं राहून थोडं अंतर जाता येतं का, आणि छोट्या उतारावर पाय खाली न टाकता येता येतं का. या चार गोष्टी आल्या की मूल सोप्या ट्रेलला तयार आहे, बहुतेकांना हे ५-६ वर्षांच्या आसपास जमतं पण कोणाला आधी, कोणाला बरंच नंतर, आणि त्यात घाई करून काहीच मिळत नाही. बॅलन्स बाइकवाली (म्हणजे पायाने ढकलत चालवायची बिनपॅडलची सायकल) ३ वर्षांची मुलंसुद्धा रुंद सपाट वाटेवर मस्त रमतात, फक्त लांब उतार नको कारण त्या सायकलींना बहुधा ब्रेकच नसतो.

त्याहून लहान असेल तर तुमच्या सायकलवर पुढे बसवायची सीट मिळते, पण ती फक्त रुंद, गुळगुळीत वाटेवर वापरा, तुम्ही पडलात तर मूलही पडणार हे लक्षात ठेवून. आणि १ वर्षाच्या आतल्या बाळाला सायकलवर किंवा सायकलमागे जोडायच्या ट्रेलरमध्ये नेऊच नका, अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्स हेच सांगते.

घरातली साधी सायकल चालेल की खास माउंटन बाइक घ्यावी लागेल?

पहिल्या काही वेळा साधी चालते. टायरला नक्षी हवी, रुंदी जरा बरी हवी, दोन्ही ब्रेक लागायला हवेत, आणि माप बरोबर हवं. स्टँड, बास्केट, झुपके, मडगार्ड असलं जे काही खडखडतं ते घरीच काढून ठेवा.

पण पुढेमागे विकत घेणार असाल तर सगळ्यात आधी वजन विचारा, रंग आणि गिअर नंतर. मुलांच्या बऱ्याच सायकली १२-१३ किलोच्या असतात आणि चालवणारं मूल २० किलोचं, म्हणजे ७० किलोच्या माणसाला ४२ किलोची सायकल चढावर ओढायला दिल्यासारखं झालं. मग पोरगं दमतं आणि आपण म्हणतो याला आवडच नाही! ८-९ किलोची सायकल मिळाली तर तेच मूल वेगळंच वाटतं.

सस्पेन्शनच्या मोहात पडू नका. स्वस्त सायकलींचे पुढचे शॉक बहुतेक करून इतके कडक असतात की लहान मुलाच्या वजनाने दबतच नाहीत, नुसता किलो-दोन किलो भार वाढतो. लहान मुलांसाठी साधा फोर्क (पुढचं चाक धरणारा दांडा) आणि रुंद टायर हेच खरं सस्पेन्शन.

माप ढोबळमानाने असं, ४ ते ६ वर्षांना १६ इंची, ६ ते ८ ला २० इंची, ८ ते ११ ला २४ इंची. पण उंची बघूनच ठरवा, सीटच्या पुढे दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभं राहिल्यावर वरच्या दांड्याला लागता कामा नये.

वाढतं वय आहे, एक साइज मोठी घेतली तर?

ट्रेलसाठी नको. रस्त्यावर कसंबसं निभावतं पण मुळांवरून जाताना सायकल ताब्यात राहत नाही, ब्रेकपर्यंत बोटं पोचत नाहीत, आणि भीती एकदा बसली की निघायला फार वेळ लागतो.

टायरमध्ये हवा किती?

रस्त्यावर ठेवता त्यापेक्षा कमी. मूल हलकं असतं त्यामुळे टच्च भरलेला टायर प्रत्येक खड्यावर उड्या मारतो आणि पकड घेत नाही. २५ किलोच्या आसपासच्या मुलाला २० इंची, २ इंच रुंद टायरमध्ये १८ ते २५ पीएसआय (पंपावर दिसणारा हवेच्या दाबाचा आकडा) पुरतं, टायरच्या बाजूला किमान आकडा छापलेला असेल तर त्याच्या खाली जाऊ नका. फार कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि एका वेळी दोन भोकं पडतात, तेव्हा थोडी थोडी कमी करत बघा.

ब्रेकबद्दल एवढं का बोलता सगळे?

कारण मुलांच्या ट्रेलवरच्या भीतीतली अर्धी भीती ब्रेकची असते असं माझं ठाम मत आहे. मूल घाबरतं ते वेगाला नाही, वेग आपल्या हातात नाही याला घाबरतं. ब्रेकचा लिव्हर हँडलपासून लांब असेल तर चिमुकल्या बोटांना तो धरायला हँडलची पकड सोडावी लागते, आणि नेमकी उतारावर पकड सुटली की संपलं. लिव्हरजवळ एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतो, अगदी दोन मिनिटांचं काम आहे पण दुकानातून आलेल्या सायकलींवर ते क्वचितच केलेलं असतं. मग मुलाला एका किंवा दोन बोटांनी जोरात दाबायला सांगा, चाक जागच्या जागी अडलं पाहिजे आणि लिव्हर हँडलला टेकता कामा नये. केबल गंजलेली, जड असेल तर बदलूनच टाका, फार खर्चिक नसते ती.

कुठला ब्रेक पुढचा ते मुलाला नीट माहीत हवं. हे देशानुसार बदलतं, ब्रिटनमध्ये पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो आणि अमेरिकेत डाव्या, त्यामुळे भाड्याची किंवा कोणाची मागून आणलेली सायकल असेल तर आधी तपासा. पुढच्या ब्रेकनेच खरी सायकल थांबते पण तो एकट्याने आणि झटक्यात दाबला तर मूल हँडलवरून पुढे जाऊ शकतं, म्हणून दोन्ही एकत्र, हळूहळू दाबत जायचं.

काही छोट्या सायकलींना पॅडल उलटं मारून लागणारा ब्रेक असतो. ट्रेलवर तो अडचणीचा, कारण उतारावर पॅडल सारखे आडवे ठेवायचे असतात आणि हा ब्रेक लावायला पाय मागे फिरवावे लागतात. गंमत म्हणजे हा खेळ सुरूच अशा ब्रेकवर झाला, १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही मंडळी जुन्या जाडजूड सायकलींवर डोंगरातल्या कच्च्या रस्त्यावरून शर्यत लावायची, उतारावर या ब्रेकमधलं ग्रीस जळून धूर यायचा आणि खाली पोचल्यावर हब (चाकाचा मधला भाग) उघडून ग्रीस परत भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच रीपॅक, म्हणजे "परत भरणं", पडलं. तेव्हा लांब उतार असेल तर हातब्रेकवाली सायकलच न्या.

ट्रेल कसा निवडायचा? बोर्डावरच्या रंगांचा अर्थ काय?

बऱ्याच ठिकाणी हिरवा म्हणजे सोपा, निळा म्हणजे मध्यम आणि काळा म्हणजे अवघड. ब्रिटनमध्ये निळ्या आणि काळ्याच्या मधे लालही असतो. अमेरिकेतली इम्बा (इंटरनॅशनल माउंटन बायसिकलिंग असोसिएशन) ही १९८८ ची संस्था आहे, तिच्या पद्धतीत हिरव्या ट्रेलची रुंदी साधारण ९० सेंटीमीटर किंवा जास्त, सरासरी चढ ५ टक्क्यांपर्यंत, आणि वाटेत न टाळता येणारा अडथळा फार तर ५ सेंटीमीटर उंच. निळ्यावर तोच अडथळा २० सेंटीमीटरपर्यंत असू शकतो.

आता हे मापाने बघा. २९ इंची चाकावर बसलेल्या मोठ्या माणसाला २० सेंटीमीटरची पायरी "ठीक आहे" वाटते. २० इंची चाकाचा मधला आसच जमिनीपासून २५ सेंटीमीटरवर असतो, म्हणजे मुलासाठी ती जवळजवळ भिंत झाली. त्यामुळे तुम्हाला सोपा वाटलेला निळा ट्रेल मुलाला सोपा असेलच असं नाही, पहिल्या खेपांना हिरवाच.

रंगाइतकंच महत्त्वाचं म्हणजे चढ कुठे आहे. सुरुवातीला मस्त उतार आणि परतताना चढ असा ट्रेल मुलांसोबत अजिबात नको, दमलेल्या पोराला वर ढकलत आणण्यासारखं कंटाळवाणं काही नाही, त्यालाही आणि तुम्हालाही. आधी चढ मग उतार, असं असावं. आणि एका मोठ्या फेरीपेक्षा गाडीपाशी परत परत येणाऱ्या छोट्या २-३ फेऱ्या कधीही चांगल्या, कारण मोठ्या फेरीच्या मध्यावर मुलाने "बास" म्हटलं तर पुढे आणि मागे अंतर सारखंच. जमलं तर आधी एकदा तुम्ही एकटे फिरून या.

एकूण किती वेळ ठेवायचा?

पहिल्यांदा थांबण्यासकट तास-सव्वा तास, त्यातली प्रत्यक्ष सायकल अर्धाच वेळ. मुलं ओढ्यात दगड टाकतील, पडलेल्या झाडाच्या खोडावर चढतील, एखादा किडा दहा मिनिटं बघत बसतील, ते सगळं आउटिंगच आहे, त्यासाठी वेळ धरूनच निघा. परत फिरायची वेळ मात्र तुम्ही ठरवा आणि मूल अजून खुशीत आहे तेव्हाच फिरा. थकवा दिसायला लागला की उशीर झालेला असतो, दमलेलं मूल आधी गप्प होतं, मग सरळ वाटेवरही चाक वाकडं जायला लागतं आणि मग पडतं. "अजून एक फेरी" साठी हट्ट करत असेल तर छान, ती पुढच्या वेळेला.

झाडीत अंधार लवकर होतो हेही लक्षात असू द्या, बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत संध्याकाळ झालेली असते.

जायच्या आधी घरी काय शिकवावं?

मोकळ्या मैदानावर, शक्यतो गवतावर, थोड्या थोड्या वेळाने या गोष्टी करून घ्या.

सगळ्यात पहिलं उभं राहणं. दोन्ही पॅडल आडवे, एका पातळीत, ढुंगण सीटवरून थोडं वर, गुडघे आणि कोपर वाकलेले, एकेक बोट ब्रेकवर. मुलांना "मांजर उडी मारायच्या आधी कशी बसते" असं सांगितलं की पटकन कळतं. पॅडल वरखाली राहिला तर खालचा दगडाला किंवा मुळाला अडकतो, म्हणून आडवेच.

दुसरं, नजर. मुलं पुढच्या चाकाकडे बघतात, आणि ज्या झाडाला घाबरतात त्याच झाडाकडे बघत बघत त्याच्यावर जातात. जिथे जायचंय तिकडे बघायचं, हे सांगून येत नाही, तुम्ही २०-२५ फुटांवर उभे राहा आणि बोटं दाखवून "किती?" विचारत राहा.

तिसरं, हळू जायची शर्यत, जो सगळ्यात शेवटी पोचेल आणि पाय टेकवणार नाही तो जिंकला. तोल आणि ब्रेक दोन्ही आपोआप सुधारतात. मग एक जाडसर काठी आडवी टाकून त्यावरून जाणं, आणि खडूची रेघ मारून नेमकं तिच्यावर थांबणं. एवढं पुष्कळ झालं.

उतारावर मुलगी घाबरून थांबते, काय करू?

"काही होत नाही, चल" एवढंच म्हणून ढकलू नका. सायकल आडवी ठेवा आणि दोघं तो उतार चालत उतरा, कुठून जायचं ती वाट बोटाने दाखवा, मुळं पायाने चाचपून बघा. मग उताराच्या अगदी खालच्या तुकड्यावरून सुरुवात करा, ते जमलं की थोडं वरून, असं वर वर सरकत जायचं. सीट ४-५ सेंटीमीटर खाली करून दिली तरी खूप फरक पडतो. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात ब्रेक करकचून धरला की चाक घसरतं. आणि आज नाही जमलं तर चालत उतरायचं, त्यात कमीपणा नाही, मोठमोठे रायडरसुद्धा अवघड जागा आधी चालत बघतात.

उलटा प्रकारही असतो, काही मुलं भीतीच नसल्यासारखी सुटतात. त्यांना "हळू" म्हणून उपयोग नाही, "त्या वाकड्या झाडापाशी थांब" असं नेमकं ठिकाण द्या.

चढावर रडारड होते

गिअर चढाच्या आधी हलका करायला शिकवा, चढात जोर लावत असताना बदलला तर चेन कडकड करते आणि उतरते. ढकलत नेणं चालतं हे आधीच सांगून ठेवा. तरी झेपत नसेल तर इलॅस्टिकचा टो-रोप (ओढायचा दोर) मिळतो, तुमच्या सीटपासून मुलाच्या हँडलच्या मधल्या भागाला, लांब चढावर तो देवासारखा धावून येतो. फक्त चढावर आणि सपाटीवर, उतार आला की आधी सोडायचा, याला अपवाद नाही.

ओली मुळं, दगड, चिखल?

ओलं मूळ साबणासारखं निसरडं असतं, त्यावरून सरळ काटकोनात जायचं, त्यावर असताना ब्रेक नाही, हँडल वळवणं नाही. सुटी खडी असेल तर घट्ट धरून ठेवण्यापेक्षा सायकल थोडी हलू द्यायची. पाऊस पडून गेल्यावर टायरच्या खोल चाकोऱ्या उमटत असतील तर परत फिरा, मुलं हिरमुसतील पण ओल्या मातीत पडलेल्या चरांत पुढचं पाणी वाहतं आणि ट्रेल कायमचा खराब होतो. हे मुलांना सांगितलं तर त्यांना नीट कळतं.

पुढे कोणी राहायचं, मागे कोणी?

दोन मोठी माणसं असतील तर एक सगळ्यात पुढे, एक सगळ्यात मागे. एकटेच असाल तर ओळखीच्या ट्रेलवर मुलाच्या मागे, म्हणजे तो दिसत राहतो, आणि फाटे, रस्ता ओलांडणं किंवा उभा उतार आला की पुढे. प्रत्येक फाट्यावर सगळ्यांनी थांबायचं हा नियम पहिल्या दिवसापासून. दोन सायकलींमध्ये ४-५ सायकलींएवढं अंतर ठेवा, भावंडं एकमेकांच्या चाकाला चाक लावून जातात आणि पुढचा थांबला की दोघं पडतात.

हेल्मेट आणि बाकी कपडे?

हेल्मेटवर तडजोड नाही, तुम्हीही घालायचं. ईएन १०७८ (युरोपचं) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) असं सुरक्षेचं प्रमाण आत छापलेलं असतं ते बघा. भुवयांच्या वर दोन बोटं, कानाखाली पट्ट्यांचा व्ही, हनुवटीखाली एखाद-दोन बोटं जातील इतपत घट्ट. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी बदलायचं, आतला फोम एकदाच दबतो. ग्लोव्हज घ्याच, पडल्यावर मूल आधी तळहात टेकवतं. गुडघ्याचे पॅड असतील तर बरं. पायात बंद बूट, लेस आत खोचलेली.

वाटेत चालणारे लोक, घोडे, प्राणी भेटले तर?

चालणाऱ्यांना आणि घोड्यांना आधी वाट द्यायची, आणि उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. घोडा दिसला की पूर्ण थांबा, उताराच्या बाजूला उभे राहा आणि शांत आवाजात बोला, म्हणजे घोड्याला कळतं की हा माणूस आहे. वळणाआधी घंटी वाजवायची जबाबदारी मुलाला द्या, ती फार आवडीने पार पाडली जाते. सायकलला मनाई असलेल्या वाटेवर, ती कितीही छान दिसली तरी, जायचं नाही.

सोबत काय घ्यायचं?

पाणी वाटतं त्यापेक्षा जास्त, खायला थोडं थोडं पण वारंवार देता येईल असं. मुलाच्या चाकाच्या मापाची ट्यूब, हे विसरू नका, तुमची २९ इंची तिला बसणार नाही. टायर काढायचे लिव्हर, पंप जो तुमच्या आणि मुलाच्या दोन्ही व्हॉल्व्हला बसतो, मल्टिटूल (एकातच सगळे छोटे पाने). बँडेज, गॉझ, एक पातळ जॅकेट. मोबाइलला रेंज नसेल असं धरूनच चाला आणि नकाशा आधी डाउनलोड करून ठेवा, ट्रेलफोर्क्ससारखी अॅप आहेत. घरी कोणाला तरी ट्रेलचं नाव आणि परतायची वेळ सांगून जा. निघताना हवा, ब्रेक, चेन एवढं तपासायला मुलालाच लावा.

पडलं तर?

पडणार. धावत जाऊन लगेच उचलू नका, आधी बघा, बोला, त्याला स्वतःहून हलू द्या. मानेला किंवा पाठीला दुखतंय म्हणाला तर अजिबात हलवू नका, मदत बोलवा. खरचटलं असेल तर पाण्याने माती धुऊन झाका. डोक्याला लागलं असेल आणि डोकेदुखी, उलटी, गोंधळल्यासारखं बोलणं, चक्कर, झोप झोप यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी सायकल बंद, चालत परत आणि डॉक्टर. बरं वाटतंय म्हणाला तरीही. उलट्या थांबत नसतील, शुद्ध हरपली किंवा उठवून उठत नसेल तर चालवतही नेऊ नका, सरळ अॅम्ब्युलन्स.

साधं पडणं असेल तर थोडं पाणी, थोडा वेळ, आणि परत बसायचं की ढकलत जायचं हे त्यालाच ठरवू दे.

एक मूल ५ चं, एक ९ चं, दोघांना एकत्र नेऊ का?

नेता येतं पण वेग धाकट्याचाच. थोरल्याला पुढच्या खुणेपर्यंत जाऊन परत यायला सांगा, नजरेच्या टप्प्यात, म्हणजे त्याचं अंतर दुप्पट होतं आणि तो कंटाळत नाही. दोन मोठी माणसं असतील तर शेवटची फेरी वेगळी करा, थोरल्याला एकदा तरी पूर्ण जोरात चालवायला मिळालं पाहिजे.

परत आल्यावर काही करायचं असतं का?

झाडीतून, उंच गवतातून आलात तर अंगावर गोचीड बघा, गुडघ्यामागे, काखेत, कानामागे, केसांत, कमरेच्या पट्ट्याखाली. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ धरून सरळ वर ओढायची, तेल लावणं किंवा चटका देणं नको, मग जागा साबणाने धुवायची. पुढच्या काही आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना गोचीड चावल्याचं आवर्जून सांगा.

सायकलवरचा चिखल वाळल्यावर ब्रशने झाडा, जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमध्ये पाणी शिरतं. चेन फडक्याने पुसून एकेक थेंब तेल, जास्तीचं पुसून टाकायचं. टायर हाताने फिरवून काटा किंवा काच रुतलीय का बघा, ती आज काढली नाही तर पुढच्या वेळी ट्रेलवर पंक्चर होईल.